साठ इंची टेप

मी घरीच ब्लाउज शिवते. शाळा चौथीपर्यंत झाली, पण आकडे चांगले येतात, म्हणून मापाची वही नीट आहे. ती कुणाला दाखवत नाही. माप ज्याचं त्याचं.

बाजारात जिम झाल्यापासून वाडीतले मुलगेही शर्ट घेऊन येतात. "काकी, बाही वायच घट्ट कर. दंड दिसाक होयो." टेप लावली की दम धरतात, छाती काढतात. मी खाली बघते आणि म्हणते, "दम सोड." मग खरं माप मिळतं. बाहेर जाऊन ते दोन इंच वाढवून सांगतात. मी ऐकते आणि मशीन चालवते.

माझा मुलगा वीस वर्षांचा, त्या सगळ्यांत बुटका. त्याला 'अर्धो' म्हणतात. तयार पॅण्ट घेतली की पायाकडून पुष्कळ कापावी लागते. तो तुकडा माझ्या चिंध्यांत कुणी बघेल म्हणून तो मला पॅण्ट देतच नसे. आत दुमडून स्वतःच टाके घाली. दोरीवर वाळत घालताना ते वाकडेतिकडे टाके मला दिसत. 

मग तोही जिमला जाऊ लागला. तिथल्या मास्तरांनी त्याला सांगितलं, "तू बुटको, तुका वजन कमी उंच न्यावचा लागता. ह्यो फायदो तुका आसा." वर्षभर तो डोक्यावर वजन उचलायला शिकला. पाठ भरली, मांड्या दगडासारख्या झाल्या. तरी अंगात ढगळ शर्टच.

यंदा मालवणात वजन उचलायची स्पर्धा होती. त्यासाठी अंगाला चिकटणारा कपडा लागतो, तो तयार आणलेला त्याला सैल झाला. आदल्या दिवशी तो कपडा घेऊन आला तेव्हा तीन मुलगे पडवीत शर्टांसाठी बसले होते. मी हळूच म्हटलं, "ह्येंका जावंदे, मगे घेतंय."

"नको, आताच घे," म्हणाला आणि शर्ट काढून उभा राहिला.

मी टेप लावली. त्याच्यापेक्षा मलाच लाज वाटत होती. त्याने दम धरला नाही.

"अर्ध्या, वायच फुगव रे," एकजण म्हणाला.

"फुगवन काय करू? उद्या काय फुगो उचलूचो आसा?"

छाती, कंबर, मांडी लिहून झाली. मग म्हणाला, "आये, उंची पण घे."

"कपड्याक उंची कित्याक?"

"घे गो."

माझी टेप साठ इंची. टाचेपासून लावली तर टाळूच्या थोडी खालीच संपली. पुढचं बोटाने धरून मोजलं.

"काकी, किती भरली?" मुलगे हसत होते.

मी कुणाचंच माप सांगत नाही. मी मुलाकडे बघितलं.

"सांग," तो म्हणाला.

"एकसष्ट इंच," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला.

"बघल्यात? टेप पुरली नाय माका," तो म्हणाला, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या रांगेत बसले होते. तो तिसरा आला. तिसऱ्याची पायरी सगळ्यांत खाली, त्यात शेजारचे दोघे उंच. फोटो काढणारा त्याला म्हणाला, "टाचा जरा वर कर रे." मी त्याच्या पायांकडे बघत राहिले. दोन्ही टाचा लाकडाला टेकलेल्याच होत्या.