न पिसलेली गड्डी

हरायला इतका राजी असलेला माणूस आमच्या विसरवाडीतच काय, धुळ्यापासून सुरतेपर्यंतच्या सगळ्या हमरस्त्यावर दुसरा सापडणार नाही. आमचे कापडवाले शेठ. आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ बोलायचे आमच्यासारखी अहिराणीच. दहा डावांतले आठ डाव ते पानं हातात आली की बघून खाली ठेवायचे, आणि तोंड असं करायचे की मुलीचं लग्न लावून मोकळे झालेत. मला आधी राग यायचा. मी गवंडी माणूस, चौथी शिकलेला. हातात घेतलेली वीट परत खाली ठेवायची मला सवय नाही.

खेळ पोकरचा. तो शेठला शिकवला त्यांच्या पुण्याच्या सुनेनं. ती संगणकाच्या कंपनीत, तिथे जेवणाच्या सुट्टीत हे खेळतात म्हणे. त्यांच्याकडे सुना सासऱ्यासमोर पदर घेतात, तर ही डोक्यावर पदर घेऊन मोबाइलवर सासऱ्याला सांगायची की बाबूजी, गुलाम-तिरी होती तर राहिलात कशाला. शेठ मान खाली घालून ऐकायचे. मग तेच दुपारी दुकानामागच्या पडवीत आम्हाला ऐकवायचे. आम्ही म्हणजे मी, हायवेवरचा पंक्चरवाला आणि एसटीचा रिटायर कंट्रोलर. प्रत्येकाला दोन पानं, मध्ये पाच उघडी, त्या सातांतून पाचांचा मेळ बसवायचा. एवढंच. पण मधली पाच एकदम येत नाहीत. आधी तीन, मग एक, मग एक, आणि दर वेळी ठरवायचं, राहायचं की टाकायचं. शेठ जैन, जुगाराच्या पैशाला हात लावायचा नाही. डाव चिंचोक्यांवर. तेही कच्चे नाहीत, कारण कच्च्यात जीव असतो आणि जीव असलेली वस्तू डावावर लावायची नाही. म्हणून शेठाणी आधी ते तव्यावर भाजून द्यायच्या. पंक्चरवाला हरण्याआधीच अर्धे खाऊन टाकायचा.

नियम तर विचारू नका. दोघांत किती अंतर ते शेठ कापड मोजायच्या गजानं मोजायचे, कुणी कुणाच्या पानात डोकावू नये म्हणून. ज्याची बोलायची पाळी शेवटी, तो राजा, कारण त्याला सगळ्यांचं कळलेलं असतं. हे त्यांच्या डोक्यात इतकं बसलं होतं की एकदा गिऱ्हाईक बाई पातळाचा भाव विचारत आली, तर म्हणाले, आधी तुम्ही बोला. बाई हसून निघून गेली. आणि सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण. एकदा त्यांच्या हातात दोन एक्के, मध्ये तिसरा, आणि ऊन समोरच्या निंबाच्या शेंड्याला गेलं. शेठनी पानं खाली ठेवली आणि उठले. कंट्रोलर म्हणाला, शेठ, एवढा डाव तरी करा. तर म्हणाले, सूर्यानं कुणाचा डाव पाहिलाय. कंट्रोलरनं एवढ्या वर्षांत एवढ्या गाड्या सोडल्या, पण एवढी वेळेवर एकही नाही, असं तो स्वतःच म्हणाला.

मी तिथे कसा गेलो ते सांगतो. बायकोच्या उत्तरकार्याचं कापड घ्यायला दुकानात गेलो होतो. शेठनी कापड फाडून दिलं आणि म्हणाले, मिस्तरी, घरी भिंतीकडे बघत बसाल, भिंती तुम्हीच बांधलेल्या आहेत, त्यात नवीन काय दिसणार. उद्या दुपारी या. गेलो. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायला लागू नये म्हणून गेलो.

खेळात मी वाईट. पानं टाकायचोच नाही. शेठ म्हणायचे, याला छाती नाही लागत, बैठक लागते. हळूहळू टाकायला शिकलो, पण एक खोड गेली नाही. टाकल्यावर गड्डीतलं पुढचं पान बघायचं. मी राहिलो असतो तर काय आलं असतं? भिंत ओळंब्यातून सुटली तर गवंडी ती पाडून बघतो, चूक कुठे झाली ते कळतं. मी हात घालायचो आणि शेठ गड्डीवर पंजा ठेवायचे. "मिस्तरी, टाकेल डावनं पान देखानं नही." मग लगेच गड्डी पिसायचे, म्हणजे ते पान कोणतं होतं हे देवालाही सांगता येऊ नये.

मला दुसरंच पान बघायचं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. सुरतेच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करू, वाचेल किंवा नाही, आत्ता सांगता येत नाही. ती म्हणाली, "माले घर लई चाला. आठे मन्हा जीव लागत नही." मी आणली. घरी नऊ दिवस राहिली. तेव्हापासून तिची फाइल पिशवीत घालून खिळ्याला टांगलेली. ऑपरेशन केलं असतं तर जगली असती का, एवढं एकच मला कुणा मोठ्या डॉक्टरला विचारायचं होतं. ती जगली असती असं निघालं तर मी काय करणार होतो, ते मात्र ठरवलं नव्हतं.

एक दिवस सकाळी पिशवी घेऊन स्टँडवर गेलो. कंट्रोलरनं मला पाहिलं असणार, कारण थोड्या वेळात शेठ आले, पायात एक चप्पल त्यांची आणि एक शेठाणींची. बाकावर बसले. "कोठे जाई ऱ्हायनात?" मी सांगितलं. वाटलं अडवतील. त्यांनी खिशातून लाल फडक्यात बांधलेली गड्डी काढली आणि माझ्या मांडीवरच्या फाइलवर ठेवली. म्हणाले, काल तुम्ही टाकलेल्या डावाची आहे, मुद्दाम पिसली नाही, उलटून बघा. आज मी हात धरत नाही.

मी गाठीला हात घातला.

"फक्त इतलं सांगा," ते म्हणाले, "त्या दिन तुमना हातमां काय व्हतं?"

 मी म्हणालो, तिचं बोलणं. दुसरं काही नव्हतं.

"मंग तुम्ही त्यावरच खेळनात. बराबर खेळनात." नंतर रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी एक डाव देखी लेल शे, मिस्तरी. वरीसभर दुकानमां मन लागनं नही." कोणता डाव ते मी विचारलं नाही. तेवढं शिकलो होतो.

सुरतेची गाडी आली, थांबली, गेली. शेठच्या दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला बघून समोरचा चहावाला हसत होता. आम्ही चहा घेतला.

यंदा शेठ आणि शेठाणी पुण्याला मुलाकडे गेले. दुकान भाच्याकडे, पडवीत आता कापडाचे गठ्ठे. सुनेसोबत रोज खेळतात आणि रोज हरतात, असं फोनवर सांगतात आणि खूश असतात. फोन ठेवायच्या आधी हळूच विचारतात, गाठ सोडली का. मी म्हणतो, नाही. मग म्हणतात, बरं, जेवून घ्या, ऊन उतरलं.

माझ्या घरी खिळ्याला फाइलची पिशवी आहे, आणि तिच्याशेजारी दुसरा खिळा मी ठोकला, त्याला ते लाल फडकं. एखाद्या दुपारी हात गाठीपर्यंत जातो. खोटं कशाला सांगू, जातो. मग शेठचा पंजा आठवतो, आणि मी तव्यावर चार चिंचोके भाजायला टाकतो. बायको घरी भाजायची तसे मला जमत नाहीत, करपतात. तसेच खातो.