श्री लिहिलेली अंडी

नागोबाकाकांचा आवाज असा, की मंडळाच्या गणपतीत आरतीला माइक लागत नसे. पण जूनमध्ये त्यांच्या सापांनी अंडी घातली की हाच माणूस घरात कुजबुजत बोलायचा. जिना चवड्यांवर उतरायचा, कपाटाचं दार हाताने सावरून मिटायचा. सापाला आपल्यासारखे कान नसतात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मग हे कशासाठी, असं विचारलं तर म्हणायचे, "अगं, बाळंतिणीच्या खोलीबाहेर कुणी ओरडतं का?"

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये त्यांच्या घरी मी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. नागपूरहून नोकरीसाठी आलेली, एकटी. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, इथेच जन्मलेली, मोडकं मराठी बोलणारी मुलगी मीरा लग्न होऊन मँचेस्टरला. माझ्या शेजारच्या खोलीत काकांचे मिल्कस्नेक असत. लाल, काळ्या, पांढऱ्या पट्ट्यांचे, बिनविषारी, हिंडतेफिरते दागिनेच म्हणा ना. खोली दाखवायला आले तेव्हा काकांनी आधी तेच दार उघडलं. "हे तुझे शेजारी. टीव्ही लावत नाहीत, पार्टी करत नाहीत. चालेल?" मला तेव्हा दुसरी खोली मिळतच नव्हती, म्हणून चाललं.

त्यांच्याकडे नाग एकही नव्हता, पण मंडळाने नाव ठेवलं ते ठेवलंच. नागपंचमीला दोघी-तिघी बायका दुधाची वाटी घेऊन यायच्या. काका वाटी आदराने घ्यायचे, हळदकुंकू लावू द्यायचे आणि त्या गेल्या की त्या दुधाचा चहा टाकायचे. "त्यांना दूध पचत नाही, मला पचतं."

प्रत्येक सापाचा डबा वेगळा. "एका डब्यात दोघे ठेवले की सकाळी एकच उरतो. आपल्या कमिटीसारखं." मार्चमध्ये जोडी लावायची तर आधी दोघांना पोटभर खायला घालायचे आणि मग स्वतः खुर्ची टाकून समोर बसायचे, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला बसल्यासारखे. त्याआधीचा सगळा हिवाळा मात्र त्या खोलीचा रेडिएटर बंद. साप थंडीत उपाशी निजले नाहीत, तर वसंतात अंडी धरत नाहीत. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी ऑफिसमधून येऊन न जेवता पडून राहायचे. चार वाजताच अंधार, आईचा फोन आला की रडू. काका दाराबाहेरून म्हणाले, "तुझंही तेच चाललंय. मार्चपर्यंत कळ काढ. पण तू साप नाहीस, तेव्हा खाली येऊन भात खा." भात जरा करपला होता. तसा भात मला अजून कुठे मिळालेला नाही.

काका काहीही लिहायला घेतलं की आधी वर श्री काढायचे. वाणसामानाच्या चिठ्ठीवर, दूधवाल्या इंग्रजाच्या निरोपावरसुद्धा. सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं उलटंपालटं करून चालत नाही. ज्या बाजूने घातलं तीच बाजू शेवटपर्यंत वर हवी, नाहीतर आतलं पिल्लू दगावतं. म्हणून पाळणारे लोक अंड्यावर पेन्सिलीने फुली मारतात. काका मऊ पेन्सिलीने, श्वास रोखून, श्री काढायचे.

त्या वर्षी अंडी उबवणीच्या पेटीत होती आणि काका जिन्यावरून पडले. खुबा मोडला. हॉस्पिटलमधून मीराने त्यांना थेट मँचेस्टरला नेलं. मोठे साप त्यांच्या एका मित्राने सांभाळायला घेतले. अंडी हलवायला नकोत म्हणून ती माझ्याकडे राहिली. रोज संध्याकाळी फोन यायचा. स्वतःच्या पायाबद्दल अवाक्षर नाही. "श्री वर आहे ना?"

मग एक दिवस म्हणाले, "मला ही पिल्लं निघताना बघायची आहेत गं. आता परत माझ्याकडून हे व्हायचं नाही." मागून मीराचा आवाज आला, "बाबा, घरात बेबी आहे. नो स्नेक्स, प्लीज. मला भीती वाटतो."

"निघाली की लगेच देऊन टाकू. मला फक्त बघायचंय."

काकांना कुणाची विनवणी करताना मी कधी ऐकलं नव्हतं. मीरानेही नसावं. शेवटी ती म्हणाली, "ओके. पण गॅरेजमध्ये. आणि झाकण बंद."

शनिवारी मी पेटी शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधून, भोवती गरम पाण्याच्या पिशव्या ठेवून निघाले. आमच्या गावातून बाहेर पडेपर्यंत राउंडअबाउट संपता संपत नाहीत. प्रत्येकाला मी बैलगाडीच्या वेगाने वळसा घातला आणि मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या. मँचेस्टरला काका वॉकर धरून दारातच उभे होते. निम्मे झाले होते. झाकण उघडून बघितलं, तर सगळे श्री आकाशाकडे तोंड करून होते. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. "आता आठवडा, फार तर दहा दिवस," ते म्हणाले.

काका त्याआधीच गेले. झोपेत, कुणाला हाक न मारता.

अंत्यसंस्कारानंतर मी परत आले आणि त्यांच्या रिकाम्या घरात राहू लागले. पुढच्या रविवारी दुपारी मीराचा व्हिडिओ कॉल आला. ती गॅरेजमध्ये फरशीवर बसली होती, पेटीचं झाकण उघडं होतं.

"ताई, एगमधून एक छोटा तोंड बाहेर आला आहे. बघ ना. आता बाबांना कोण सांगणार?"

श्रीच्या जरा खाली कवच चिरलेलं होतं आणि तिथून एक इवलंसं लाल-काळं तोंड बाहेर आलं होतं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत रडत होतो.

"पूर्ण बाहेर यायला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

पिल्लू नुसतं तोंड काढून कधीकधी अख्खा दिवस बसून राहतं, हे काकांनी मला सांगितलं होतं. मी म्हणाले, "येईल, आता येईल." तिने फोन ठेवू नये, असं मला वाटत होतं.