ओर्व्हिएतोची विहीर आणि कॉन्डोतला रविवार

सूड घ्यायचा तो यजमानीणबाईंच्या सुरळीच्या वड्या खाऊन झाल्यावर, एवढं मी घरून ठरवून निघालो होतो. भांडण नवऱ्याशी होतं, वड्यांशी नव्हतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. सिंगापुरातल्या आम्हा पंधरा-वीस मराठी कुटुंबांत एक पद्धत पडली होती. जूनच्या सुट्टीत कुणी युरोपला जाऊन आलं की एखाद्या रविवारी दुपारी सगळ्यांना घरी बोलवायचं, पडदे ओढायचे, एसी लावायचा आणि भिंतीवर स्लाइड दाखवायच्या. या प्रकारात नोव्हेना भागातल्या महागड्या कॉन्डोत राहणाऱ्या एका गृहस्थांचा हात कुणी धरू शकत नसे. मूळचे पुण्याचे, मोठ्या कंपनीत मॅनेजर. त्यांच्या प्रत्येक स्लाइडमध्ये ते स्वतः असत: पांढरी टोपी, कमरेवर हात आणि मागे उरेल तेवढं युरोप. एका स्लाइडमध्ये आयफेल टॉवर थेट त्यांच्या टोपीतून उगवला होता. ते छडी हातात घेऊन उभ्याने बोलत, वहिनी मागे बसून मुकाट्याने प्रोजेक्टर चालवत.

मी बोटीवरचा माणूस. वीस वर्षं समुद्रावर काढली, चीफ इंजिनियर झालो आणि मग सिंगापूर बंदरात किनाऱ्यावरची नोकरी धरली. आदल्या वर्षीच्या कार्यक्रमात फ्रान्सची स्लाइड चालू असताना मी एवढंच म्हणालो की मार्सेलला मी दोनदा गेलोय. त्यावर ते थांबले, माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "चीफ, बंदर म्हणजे गाव नव्हे हो. तुम्ही मंडळी जगभर फिरता आणि पाहता काय, तर बॉयलर."

सगळी खोली हसली. मीही हसलो. माझ्या बारा वर्षांच्या मुलीला मात्र हसू आलं नाही. तिच्या शाळेतल्या वहीत माझ्या बंदरांची यादी होती, प्रत्येक नावापुढे मी दिलेलं नाणं चिकटवलेलं. चोआ चू कांगला आमच्या घरी परत जाताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, तिने मला विचारलं, "बाबा, सो मेनी कंट्री यू गो, ओन्ली सी इंजिन, आह?"

पुढच्या आठवड्यात ती वही कपाटाच्या वर गेली. त्या दिवसापासून मी त्या गृहस्थांना माफ केलं नाही. वर्षभर भेटलो की हसून नमस्कार करत होतो आणि मनात त्यांना समुद्रात बुडवत होतो, रोज वेगळ्या समुद्रात.

दुसऱ्या वर्षी त्यांचा फोन आला. यंदा इटली, म्हणाले. रोम, फ्लॉरेन्स आणि वाटेतलं एक डोंगरावरचं शहर. "ओर्व्हिएतो. तुम्ही नाव ऐकलं नसेल."

मी म्हटलं, नाही बुवा. फोन ठेवला आणि बायकोने विचारलं, एकटाच काय नाचतोयस?

कारण ओर्व्हिएतो मी चांगलं पाहिलं होतं. रोमजवळच्या बंदरात आमची बोट एका सुट्या भागाची वाट पाहत तीन आठवडे अडकून पडली होती आणि सुट्टीच्या दिवशी मी रेल्वे पकडून तिकडे जात असे. सपाट मैदानातून एकदम एक खडक उभा राहतो, चहूबाजूंनी कापल्यासारखा सरळ आणि त्याच्या डोक्यावर आख्खं शहर. खडक ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ. रोमन लोकांच्याही आधीपासून तिथली माणसं तो पोखरत आली. घराखाली तळघर, तळघराखाली गुहा आणि गुहेच्या भिंतीत शेकडो कोनाडे, कबुतरं पाळायला. कबुतरं कड्यातल्या भोकांतून बाहेर जाऊन चरून येत आणि घरी परतून मालकाच्या ताटात पडत. वर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दगडाचं चर्च, दर्शनी भागावर सोनेरी चित्रं. संध्याकाळचं ऊन पडलं की भिंत पेटल्यासारखी दिसे. तिथल्या एका खांबावर शेवटच्या निवाड्याची शिल्पं आहेत. सैतान पाप्यांना दोरीने बांधून ओढतायत, चावतायत. तेव्हा मी कला म्हणून पाहिलं होतं. त्या फोननंतर आठवून पाहिलं तेव्हा त्यातल्या एका पाप्याच्या डोक्यावर मला पांढरी टोपी दिसली.

आणि विहीर. रोम लुटलं गेलं तेव्हा पोप वेषांतर करून पळाला तो या शहरात. इथेही वेढा पडला तर पाणी कुठलं, या धास्तीने त्याने खडकात विहीर खोदायला लावली. तिची गंमत तिच्या जिन्यांत आहे. पण ती गंमत मी तेव्हा कुणालाही सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही.

रविवार आला. वड्या झाल्या, चहा झाला, पडदे ओढले गेले. रोममध्ये ते होते. फ्लॉरेन्सच्या पुलावर ते होते. मग ओर्व्हिएतो आलं आणि टोपी गायब. लख्ख निळं आकाश, चर्चसमोर चिटपाखरू नाही. मला हसू आवरेना. चर्चशेजारच्या दुकानात या स्लाइडचं तयार पाकीट मिळतं. माझ्याकडेही तेच होतं, त्याच क्रमाने.

विहिरीची स्लाइड आली. वरून खाली काढलेली, काळोखी. मी अगदी नम्रपणे विचारलं, जवळजवळ अडीचशे पायऱ्या उतरायच्या म्हणजे वर येणाऱ्या लोकांशी टक्कर होत असेल, नाही?

"विचारू नका, चीफ," ते म्हणाले. "ही गर्दी. भिंतीला चिकटून उतरलो. एका जर्मन बाईचा तर पायच पडला माझ्या पायावर."

खोली कौतुकाने हळहळली. मी श्वास घेतला. वर्षभर घोकलेलं वाक्य तोंडात तयार होतं. तेवढ्यात मागून, प्रोजेक्टरच्या बाजूने आवाज आला.

"तिथे येणारं-जाणारं भेटतच नाही," वहिनी म्हणाल्या. "जिने दोन आहेत. पाणी आणणारी खेचरं एकातून उतरायची, दुसऱ्यातून चढायची. एकमेकांना अडू नयेत म्हणून."

यजमान म्हणाले, अगं, तुझा काहीतरी घोटाळा होतोय.

"माझा कसा होईल? मी गेले होते. तुमचे बूट चावत होते म्हणून तुम्ही बसमध्ये बसलात आणि मला म्हणालात, येताना स्लाइड घेऊन ये."

मग त्या उठून पुढे आल्या आणि नवऱ्याच्या हातातली छडी त्यांनी सहज काढून घेतली. मधल्या पोकळीकडे उघडणाऱ्या खिडक्या कशा आहेत ते सांगितलं. समोरच्या खिडकीतून वर जाणारी एक बाई दिसली, यांनी हात केला, तिनेही केला, भेट मात्र झाली नाही. तळाशी पाण्यावर एक छोटा पूल आहे. "तिथे मी बराच वेळ उभी राहिले," वहिनी म्हणाल्या. "पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी काही समजावून सांगत नव्हतं."

बायकांच्या बाजूने जे हसू उठलं ते थांबेना. गृहस्थ पाणी आणायला म्हणून आत गेले आणि उरलेल्या तीस स्लाइड संपेपर्यंत पाणीच आणत राहिले. मी खूश व्हायला हवं होतं, झालोही. पण तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं होतं. सूड माझा आणि टाळ्या वहिनींना.

परतीच्या एमआरटीत कळलं, माझ्या नम्र प्रश्नामागचा डाव बायकोने ओळखला होता. त्या भल्या बाईच्या घरी जाऊन तू हे केलंस, एवढंच एकदा म्हणाली आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसली. मुलगी माझ्याकडे एकटक पाहत होती.

"बाबा, यू ऑलरेडी नो, राइट? दोन जिने?"

"हो."

"तू गेला होतास?"

"चार वेळा उतरलो."

"अँड यू पर्पजली आस्क हिम."

मी कबूल केलं. ती सरकून माझ्या अगदी जवळ बसली आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "काकू म्हणत होत्या, नेक्स्ट इयर ते इजिप्तला जाणार आहेत. तू गेलायस?"

"सुएझमधून सतरा वेळा."

"गुड," ती म्हणाली.

सतरा वेळा हे खरं होतं. पिरॅमिड मात्र मी एकदाही पाहिले नव्हते. सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी थेट लायब्ररीत गेलो.