केबल आखूड पडली

आज पुण्यात आईचा वाढदिवस. व्हिडिओ कॉलवर तिला मोठ्या टीव्हीवरच बघायचं, हा मुलांचा हट्ट. म्हणून दिल्लीतल्या ऑफिसमधून मेट्रोने गाझियाबादला घरी परतताना वाटेत करोल बागेत उतरून, लॅपटॉप टीव्हीला जोडायला एचडीएमआय केबल घेतली. घरी येऊन लावली, तर आखूड! टीव्ही भिंतीवर. शेवटी लॅपटॉप हातात धरून मीच टीव्हीखाली उभी राहिले.

सोफ्यावरून ऑर्डर आली, "मम्मा, हलू नको यार, आजी अडकतेय!"

टीव्हीभर आई हसत होती. मग म्हणाली, "बाकीचे कुठे गेले? मला तर तू एकटीच दिसतेस."

कॅमेरा लॅपटॉपला असतो, हे आम्ही विसरलोच होतो. मी लॅपटॉप सोफ्याकडे वळवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब जरा. किती दमलीयेस गं! जेवलीस का?"



तुमच्या घरी लॅपटॉप कोण धरून उभं असतं?