नदीत अडलेली पालखी

देऊळगाव राजाहून मेहकरच्या एसटीत चढलो तेव्हा माझ्या खिशात आठ ओळींचं पद होतं आणि डोक्यात भलताच तोरा. डोणगावच्या पुढे एका गावात माघात देवीची पालखी नदीवर जाते. पात्रातल्या चौरंगावर ती टेकवतात आणि नवं पद म्हटल्याशिवाय उचलत नाहीत. यंदाच्या पदाचं आमंत्रण मला होतं. मी ते पुण्यात चहा पीत लिहून टाकलं होतं.

दुपारी पातोडी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) आणि भाकरी हाणली. देवस्थानचे अध्यक्ष म्हणाले, "लय गोड लिवलं भाऊ तुमी." मी फुगलो. मग हरभऱ्याच्या शेतांतून पालखीमागे निघालो, आणि नदीच्या आधी तिचा वास आला.

नदी कसली! गावाचं गटार तिच्यात सोडलेलं, पाणी काळं, बाभळींना पिशव्या लटकलेल्या. देवीच्या स्नानाला चक्क टँकर उभा. आणि त्या घाणीला सगळे हात जोडत होते! माझं टाळकं सरकलं.

पद म्हणायचा मान सत्तरीच्या रुख्माबाईंचा. त्या पाण्यात उतरल्या. मी पहिली ओळ वाचून दाखवली, 'निर्मळ तुझे जळ, माये'.

"मी नाई म्हनत," त्या म्हणाल्या.

"काऊन?" अध्यक्ष चमकले.

"देवीसमोर खोटं बोलू? अन् भाऊ, लिवण्याआधी नदी काऊन नाई पाह्यली तुमी?"

भोई घोटाभर घाणीत उभे, पालखी अडलेली. "म्हना ना माय, रीत हाये," अध्यक्ष दटावत होते. मला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. कागद उलटा करून तिथेच खरडलं:

कशी घालू न्हाऊ माये, घाण आमुच्या हाताची,
तुझ्या ओटीत सोडली, मोरी सगळ्या गावाची.

रुख्माबाईंनी दोनदा ऐकलं आणि खणखणीत आवाजात उचललं. रीतीप्रमाणे दुसरी ओळ सगळ्यांनी म्हणायची असते. कुणी तोंड उघडेना. मग भोयांनी म्हटली, मागून बायांनी. शेवटी खाली बघत अध्यक्षांनीही म्हटली, आणि पालखी उठली.

सकाळी मला पोहोचवायला फाट्यावर फक्त रुख्माबाई आल्या. मी विचारलं, "पद आवडलं?"

"चांगलं हाये. पन पुढच्या वर्षी ते खोटं झालं पाह्यजे."

परतीच्या एसटीत राग उतरला नाही. आपलं लिहिलेलं खोटं ठरावं, असं मला आजवर कधी वाटलं नव्हतं. पुढच्या माघात मी जाणार आहे. आमंत्रण येणार नाही, हे ठाऊक आहे.