आत्याचा दमा

माझ्या आत्याला टीबी होता, पण अंबरनाथला आमच्या आळीत तो दमा म्हणून नांदत होता. कारण मी. माझं लग्न ठरत आलं होतं, आणि टीबीच्या घरातली मुलगी कोण करून घेतो? आठवड्यातून दोनदा मी तिला इंजेक्शनासाठी उल्हासनगरच्या दवाखान्यात न्यायची आणि येताना खरेदीला गेल्याचा पुरावा म्हणून सिंधी पापड आणायची. पापड इतके साठले की वडील पानावर बसायला घाबरायचे.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली. दवाखान्यातल्या टीबीच्या खोलीत फ्लूचे रोगी निजले, आमचं इंजेक्शन देणाऱ्या नर्सबाईंना फ्लूच्या रांगेवर बसवलं. ‘साथ ओसरली की या,’ एवढंच उत्तर. साथ ओसरायचं नाव घेईना. आत्याला मात्र संध्याकाळचा ताप पुन्हा यायला लागला.

एका सकाळी मी तिला ओढतच नेलं. रांग पार रस्त्यापर्यंत. सगळे एकमेकांच्या मानेवर मनसोक्त खोकत होते. आणि मधोमध कोण? माझी होणारी सासू! बदलापूरचा त्यांचा डॉक्टर कंपाउंडरसकट आडवा झाला होता, म्हणून बाई इथे. आत्याने पदर तोंडावर ओढला.

“चल मागे. इंजेक्शन काय, पुढच्या महिन्यात घेईन.”

पुढच्या महिन्यात! माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, “वाट द्या! हिला टीबी आहे!”

फ्लूवाले असे पांगले म्हणता! एक सिंधी शेठ चपला तिथेच टाकून रस्त्यापलीकडे गेले आणि तिथून ओरडले, “पहले बोलने का ना, माई!” नर्सबाईंनी हसू दाबत कपाट उघडलं आणि रिकाम्या व्हरांड्यात इंजेक्शन दिलं. सासूबाई औषध न घेताच स्टेशनकडे निघाल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. महिन्यापूर्वी तीच पत्रिका लाखात एक जुळली होती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मुलगा दिसायला बरा होता. आत्या तर रागाने माझ्या हातचा चहाही घेईना.

इंजेक्शनाच्या दिवशी मात्र तीच आधी तयार होऊन दारात. ओट्यावरून शेजारणीने विचारलं, “पापड आणायला का?”

“टीबीचं इंजेक्शन घ्यायला,” आत्या ठणकावून म्हणाली आणि माझ्याकडे वळली, “आज रांगेत तू गप्प राहायचं. मी ओरडणार.”