टपावरचा अर्ज

पंख्याची मोटार जळल्याचा वास आला की मला माजलगावकडच्या साखर कारखान्याचा गाडीतळ आठवतो. दुष्काळामुळे गाळप बंद होते आणि त्या रिकाम्या तळावर कामगारांनी बॅटरीवरच्या छोट्या पंख्यांच्या मोटारी बसवून घरी बनवलेल्या, रिमोटवर धावणाऱ्या वीतभर गाड्यांची शर्यत ठेवली होती. पात्रतेचे नियम अर्थातच माझ्यासारख्या जाणत्या अर्जनवीसाकडून लिहून घेतले: वजन दोनशे ग्रॅमच्या आत, आणि टपाविना गाडी अपात्र. कामावरून कमी केलेल्या वायरमनची गाडी काट्यावर जड भरली, तेव्हा त्याने पत्र्याचा टपच उपटून टाकला. "आता टप नाही, सबब अपात्र," मी म्हणालो. "लई कायदा हाय तुमचा, भाऊसाहेब," म्हणत त्याने खिशातला कागद दुमडून गाडीवर बसवला. कामावर परत घ्यावे म्हणून चेअरमनसाहेबांना द्यायचा, मीच लिहिलेला अर्ज होता तो. गाडी पहिली आली आणि थेट बक्षीस द्यायला आलेल्या चेअरमनसाहेबांच्या पायाशी थांबली. साहेबांनी ती उचलली, चाके फिरवून पाहिली. "झकास बनवलीस बे!" म्हणाले आणि परत दिली. वायरमन माझ्याकडे पाहत राहिला. मी खणखणीत आवाजात जाहीर केले की गाडी नियमानुसार पात्र आहे. 'साहेब, टप वाचा' हे तीन शब्द मी का बोललो नाही, ते मला अजून लिहिता आलेले नाही.